नेताजींना नेणारी पाणबुडी आधी सिडनीला येऊन गेली होती

प्रति,
सिडनीतल्या मराठी शाळांत शिकवणारे, त्या चालवणारे आणि मुलांना तिथं सोडायला येणारे सर्व

विषय : ३१ मे १९४२ च्या रात्रीबद्दल मुलांना मराठीतून सांगण्याबाबत

स. न. वि. वि.

आपल्या शाळांच्या कार्यक्रमांत नेताजी हमखास असतात. खाकी गणवेश, गोल चष्मा आणि दोन पोरांनी दोन्हीकडून धरलेली पुठ्ठ्याची पाणबुडी. जर्मन पाणबुडीतून उतरून भर समुद्रात जपानी पाणबुडीत चढण्याचा प्रवेश आला की आजी-आजोबांसकट सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. मीही वाजवतो. माझी तक्रार त्या प्रवेशाबद्दल नाही, तो जिथं सुरू होतो त्याबद्दल आहे.

त्या जपानी पाणबुडीचं नाव आय-२९. नेताजी तिच्यात चढले ते एप्रिल १९४३ च्या अखेरीस. त्याच्या अकरा महिने आधी, मे १९४२ मध्ये, हीच पाणबुडी आणि हाच तिचा कप्तान जुइची इझू आपल्या सिडनीच्या बाहेर समुद्रात टेहळणी करत होते. आणि या दोन्हींच्या मधे, नोव्हेंबर १९४२ मध्ये, मुंबईहून निघालेलं एक प्रवासी जहाज तिनं बुडवलं. काळाच्या क्रमानं यातला पहिला भाग मुलांच्या कानावर इथल्या शाळेत कधीतरी पडतो. तिसरा भारतातल्या पुस्तकांत असतो. मधला कुणीच सांगत नाही. तिन्ही एकत्र सांगता येतील अशी जागा मला तरी एकच दिसते : सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या वर्गात भरणारी आपली मराठी शाळा. म्हणून हे पत्र.

आधी सिडनीचं सांगतो. आपण बहुतेक जण इथं नोकरीनिमित्त आलेलो. हार्बर आपल्याला फेरीबोटीतून ठाऊक. पाहुणे आले की ऑपेरा हाऊस, पूल, वॉटसन्स बेला जाऊन फिश अँड चिप्स. वाटेत गार्डन आयलंडच्या करड्या युद्धनौका दिसल्या की मोबाइल वर होतात, एक फोटो निघतो आणि विषय संपतो.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, डार्विनवर बॉम्ब पडले, तरी सिडनीला युद्ध अजून लांबचं वाटत होतं. बंदराच्या तोंडाशी, जॉर्जेस हेडपासून पलीकडे वॉटसन्स बेजवळच्या ग्रीन पॉइंटपर्यंत, पाणबुड्या अडवायचं जाळं टाकायचं काम चालू होतं. दोन्ही टोकांना फटी राहिल्या होत्या. समुद्राच्या तळाशी विजेच्या तारा अंथरल्या होत्या. वरून जहाज गेलं की किनाऱ्यावरच्या यंत्रात त्याची नोंद व्हायची. म्हणजे व्यवस्था नव्हती असं नाही.

२३ मेला आय-२९ वरून उडालेल्या चिमुकल्या विमानानं शहराची पाहणी केली. हल्ल्याच्या एक-दोन दिवस आधी आय-२१ या दुसऱ्या जपानी पाणबुडीवरून सुसुमु इतो नावाच्या वैमानिकानं पहाटेच्या अंधारात पुन्हा एक चक्कर मारली. ते विमान खालच्या लोकांना दिसलं होतं. बंदरात 'शिकागो' ही अमेरिकन क्रूझर उभी होती, त्यामुळे विमान तिचंच असणार असं पाहणाऱ्यांनी गृहीत धरलं.

मग ३१ मे, रविवार. तीन मोठ्या पाणबुड्यांनी पाठीवर वाहून आणलेल्या तीन छोट्या पाणबुड्या संध्याकाळी सुटल्या. प्रत्येक साधारण २४ मीटर लांब, आत दोन माणसं, पुढच्या तोंडाला दोन टॉर्पेडो. आठच्या सुमारास पहिली आत शिरली तेव्हा तारांच्या यंत्रात नोंद झाली. पण फेऱ्या, बोटी यांची ये-जा चालूच होती, त्यातलीच एक समजून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सव्वाआठला जेम्स कारगिल या पहारेकऱ्याला जाळ्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. हा मेरीटाइम सर्व्हिसेस बोर्डाचा साधा माणूस, जवळ एक वल्ह्याची होडी. ती वल्हवत तो जाळ्यापाशी गेला, डोळ्यांनी खात्री करून घेतली, तिथून वल्हवत गस्तीच्या 'यारोमा' बोटीपर्यंत गेला आणि सांगितलं. नौदलाच्या मुख्यालयाला ही बातमी कळली तेव्हा रात्रीचे दहा वाजायला आठ मिनिटं कमी होती. साडेदहाच्या पुढेमागे जाळ्यातल्या केन्शी चुमान आणि ताकेशी ओमोरी या दोघांनी स्फोट करून पाणबुडीसकट स्वतःला संपवलं.

या सबंध प्रकरणात मला सगळ्यात ओळखीचा वाटतो तो हा कारगिल. आपल्याकडे सरकारी कचेरीत, गिरणीत, गोदीत नोकरी केलेल्या कुणालाही त्या दीड तासात काय काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

बंदराचे प्रमुख होते रिअर अॅडमिरल जेरार्ड म्यूरहेड-गूल्ड. त्या रात्री त्यांच्या घरी 'शिकागो'चे कप्तान बोड जेवायला होते. बातमी आल्यावर बंदर बंद करायचा हुकूम निघाला, पण प्रवासी फेऱ्या मात्र चालूच ठेवल्या. फेऱ्यांच्या वर्दळीत पाणबुड्यांना पाण्यावर यायची भीती राहील, हा हिशेब. तो पूर्ण चुकीचाही म्हणता येत नाही. पण आतल्या प्रवाशांना विचारलं असतं तर त्यांचं मत वेगळं पडलं असतं. गार्डन आयलंडवर मोठ्या गोदीचं बांधकाम चालू होतं, तिथले झगझगीत दिवे मध्यरात्र उलटेपर्यंत जळत होते, आणि त्या उजेडात 'शिकागो' लांबून स्पष्ट दिसत होती.

साडेबाराला कात्सुहिसा बान याच्या पाणबुडीनं 'शिकागो'वर दोन टॉर्पेडो सोडले. दोन्ही चुकले. एक गार्डन आयलंडच्या किनाऱ्यावर चढला आणि फुटलाच नाही. दुसरा एका डच पाणबुडीच्या आणि 'कटाबुल'च्या खालून जाऊन धक्क्यावर आदळला. 'कटाबुल' ही युद्धनौका नव्हती. मिल्सन्स पॉइंट आणि सर्क्युलर की यांच्यामध्ये माणसं वाहणारी ती जुनी फेरी. १९३२ मध्ये पूल झाला आणि तिचं रोजचं काम गेलं. युद्धात नौदलानं ती घेऊन धक्क्याला बांधली आणि खलाशांची झोपायची सोय केली. स्फोटानं ती उचलली गेली आणि बसली. आत झोपलेल्यांपैकी २१ जण गेले. आज गार्डन आयलंडच्या नौदल तळाचंच नाव 'कटाबुल' आहे, ते तिच्यावरून.

तिसरी पाणबुडी केइउ मात्सुओ आणि मासाओ त्सुझुकु यांची. टॅरोंगा झूच्या पलीकडच्या टेलर्स बेमध्ये गस्तीच्या बोटींनी तिच्यावर पहाटेपासून पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले. ती वर काढली तेव्हा आत दोघांनी डोक्यात गोळ्या घालून घेतल्याचं दिसलं. बान आणि त्याचा सोबती मामोरू आशिबे मात्र निसटले. दक्षिणेला पोर्ट हॅकिंगजवळ मोठ्या पाणबुड्या ३ जूनपर्यंत वाट पाहत थांबल्या, पण ते तिकडे गेलेच नाहीत. त्यांची पाणबुडी २००६ च्या नोव्हेंबरात हौशी डायव्हर मंडळींना सापडली, ती उत्तरेकडे बंगन हेडसमोर, ५० मीटरहून खोल. दोघांचे अवशेष आत असावेत म्हणून ती तिथंच राहू दिली आहे, आणि तिच्याजवळ परवानगीशिवाय जाता येत नाही.

आठवड्यानं, ८ जूनला मध्यरात्रीनंतर, आय-२४ नं समुद्रातून शहरावर दहा तोफगोळे टाकले. नेम हार्बर ब्रिजवर होता असं म्हणतात. पडले ते रोझ बे, बेलव्ह्यू हिल, वुलारा या भागांत, आणि बहुतेक फुटले नाहीत. त्याच रात्री आय-२१ नं न्यूकॅसलवर ३४ गोळे सोडले. तिथल्या फोर्ट स्क्रॅचलीनं उलट चार गोळे टाकले. दोन्हीकडे जीवितहानी झाली नाही. पण समुद्राकडे तोंड असलेली घरं ज्यांनी ऐटीत घेतली होती ते ब्लू माउंटन्समध्ये भाड्यानं खोल्या शोधू लागले, आणि पूर्वेकडच्या उपनगरांतले भाव कोसळले. आज त्या भागात घर घ्यायचं म्हणजे काय, हे कर्जाचे हप्ते भरणाऱ्या आपल्या मंडळींना मी काय सांगावं!

खरी हानी झाली ती शहराबाहेर, किनाऱ्यालगत धावणाऱ्या मालवाहू जहाजांची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ३ जूनला 'आयर्न चीफटन' बुडालं. ४ जूनला 'आयर्न क्राउन'. खनिज भरलेलं ते जहाज मिनिटभरात तळाशी गेलं, ४३ पैकी ३८ माणसं घेऊन. ते बुडवणारी आय-२७ हीच चुमान-ओमोरींची छोटी पाणबुडी घेऊन आली होती. पुढे १९४४ मध्ये मालदीवजवळ 'खेदिव इस्माइल' या सैन्यवाहू जहाजावरचे सुमारे १३०० लोक तिनं मारले, आणि त्याच दिवशी ती स्वतःही बुडाली.

आता मला ज्या भागाबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे तो. घरांवर तोफगोळे पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, जपानी चौघांवर पूर्ण लष्करी इतमामानं अंत्यसंस्कार झाले. शवपेट्यांवर जपानचे ध्वज, नौदलाच्या जवानांची मानवंदना, बंदुकांची सलामी. 'कटाबुल'च्या खलाशांना निरोप देऊन जेमतेम आठवडा झाला होता. हा निर्णय त्याच म्यूरहेड-गूल्डचा. लोक खवळले. मग हा माणूस रेडिओवर बोलला. असं धैर्य कुठल्या एका देशाच्या मालकीचं नसतं, लोखंडाच्या त्या नळकांड्यात बसून मरायला निघण्यासाठी मोठी छाती लागते, अशा आशयाचं ते भाषण होतं. ज्याच्या गाफीलपणावर इतिहासकार आजही ताशेरे ओढतात, त्याच माणसाचं हे भाषण. ही दोन्ही टोकं एकाच माणसात असणं आपल्या मुलांना कळलं पाहिजे. वीर आणि खलनायक असे दोन कप्पे करून शिकवायची आपल्याला फार सवय आहे.

यात नुसती उदारता होती असंही मी म्हणणार नाही. सिंगापूर पडल्यावर हजारो ऑस्ट्रेलियन सैनिक जपानच्या कैदेत होते. त्यांना बरं वागवलं जाईल ही आशा त्यामागे होती. ती खोटी ठरली. त्या चौघांच्या रक्षा मात्र परत गेल्या. जपानचे राजदूत तात्सुओ कावाई यांच्यासोबत 'कामाकुरा मारू' जहाजातून त्या १९४२ च्या ऑक्टोबरात योकोहामाला पोहोचल्या. मोडलेल्या दोन पाणबुड्या जोडून केलेली एक पाणबुडी तोवर इकडे ट्रकवर चढवून गावोगाव फिरवली जात होती, निधी गोळा करायला. ती आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. १९६८ मध्ये मात्सुओच्या वृद्ध आई जपानहून येऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

आता मुंबई. २० नोव्हेंबर १९४२ ला ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'तिलावा' हे जहाज मुंबई बंदरातून मोंबासा, लॉरेन्सो मार्किस आणि दरबानकडे निघालं. सातशेवर प्रवासी, बहुतेक भारतीय. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत दुकानं असलेली गुजराती कुटुंबं पुष्कळ. खलाशीवर्ग दोनशेच्या वर. २३ तारखेच्या पहाटे, दोनच्या सुमारास, सेशेल्सच्या ईशान्येला भर समुद्रात आय-२९ चा पहिला टॉर्पेडो लागला. जहाज लगेच बुडालं नाही. बोटींत उतरलेले काही जण परत चढायला लागले, आणि दुसरा लागला. २८० माणसं गेली. उरलेले दोन दिवस बोटींत आणि तराफ्यांवर होते; 'एचएमएस बर्मिंगहॅम' या क्रूझरनं त्यांतल्या पावणेसातशे लोकांना उचललं आणि २७ नोव्हेंबरला पुन्हा मुंबईत आणून उतरवलं. आठवड्यापूर्वी ज्या बंदरातून निघाले, तिथंच.

'तिलावा'च्या पोटात चांदी होती, २३६४ लाद्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं घेतलेली. २०१७ मध्ये एका कंपनीनं अडीच किलोमीटर खोलवरून ती काढली, आणि तिच्यावर हक्क कुणाचा हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला. लाद्यांची मोजदाद बिनचूक झाली, वकील उभे राहिले, जगभर बातम्या छापून आल्या. २८० माणसांबद्दल मुंबईत वाढलेल्या आपल्यापैकी कितींनी ऐकलं होतं?

यानंतर पाच महिन्यांनी नेताजी. ८ फेब्रुवारी १९४३ च्या सुमारास कीलहून यू-१८० मधून आबिद हसन यांच्यासोबत निघाले. मादागास्करजवळ दोन्ही पाणबुड्यांची गाठ पडली. समुद्र खवळलेला. २८ एप्रिलला दोघे रबरी बोटीतून, नखशिखान्त भिजत, आय-२९ वर गेले. बदल्यात दोन जपानी अधिकारी जर्मन पाणबुडीत आले. आय-२९ नं नेताजींना सुमात्राच्या टोकाला साबांगला सोडलं, तिथून ते विमानानं टोकियोला गेले. हा प्रवास कुणाही मुलाच्या अंगावर काटा आणणारा आहे आणि तो तसाच सांगावा. मात्र ज्या डेकवर नेताजींनी पाय ठेवला त्याच पाणबुडीनं पाच महिन्यांपूर्वी मुंबईची माणसं बुडवली होती, ही त्याच गोष्टीतली एक ओळ आहे. ती गाळायचं कारण मला सापडत नाही.

याला आक्षेप येणार, ते मला ठाऊक आहेत. नेताजींवर शिंतोडे उडतात, असं कुणी म्हणेल. 'तिलावा' बुडालं तेव्हा नेताजी जर्मनीत होते, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही, आणि मुलांना हे एका वाक्यात समजतं; अडचण बहुधा आपल्यालाच होते. मुलं लहान आहेत, असंही येईल. बालगटाला नकोच सांगू या. पण दहा-बारा वर्षांची जी मुलं अफझलखानाच्या वधावर मिनिटभर न थांबता बोलतात, त्यांना हे झेपेल. तिसरी शंका मला सर्वांत रास्त वाटते : वर्गात मुलांचे जपानी मित्रमैत्रिणी असतात, त्यांच्याबद्दल मनात काही भरेल का? म्हणूनच ९ जूनचा भाग वगळून ३१ मे सांगू नये. नुसता हल्ला सांगायचा असेल तर न सांगितलेला बरा.

माझी मागणी फार मोठी नाही. ३१ मेच्या आठवड्यात मोठ्या गटाचा एक तास याला द्यावा. शक्य असेल त्या शाळेनं वर्गाऐवजी ब्रॅडलीज हेडपासून चाउडर बेपर्यंतच्या पायवाटेवर मुलांना न्यावं. वाटेत टेलर्स बे लागतं आणि समोर बंदराचं तोंड दिसतं. जाळं कुठून कुठं होतं, कारगिलनं होडी किती वल्हवली असेल, हे तिथं बोटानं दाखवता येतं. नातवंडांना भेटायला आलेल्या आजी-आजोबांना बरोबर घ्यावं. मुंबईच्या गोदीत किंवा जहाजावर नोकरी केलेलं कुणी त्यांच्यात निघालं, तर शिक्षकांनी गप्प बसून त्यांना बोलू द्यावं. 'तिलावा'चा भाग सांगताना इथल्या गुजराती शाळांनाही बोलवावं. बुडालेल्यांत त्यांची माणसं जास्त होती, आणि आपण एरवी त्यांना फक्त गरब्यापुरतं बोलावतो.

नाटकातला तो प्रवेश राहू द्यावा, पुठ्ठ्याच्या पाणबुडीसकट. नेताजी चढण्याआधी सूत्रधारानं दोन वाक्यं घ्यावीत : ही पाणबुडी गेल्या मे महिन्यात सिडनीला होती, आणि नोव्हेंबरात तिनं मुंबईचं 'तिलावा' बुडवलं. नाटक तिथं पाच सेकंद थबकेल. थबकू दे.

मोठ्या गटासाठी तीन-चार पानांचा मजकूर मी सोप्या मराठीत लिहून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा तिनं घ्यावा, खाडाखोड करावी, माझं नाव नसलं तरी चालेल. बंदराचा नकाशा मात्र मला काढता येत नाही. पालकांपैकी कुणी आर्किटेक्ट किंवा ड्राफ्ट्समन असेल आणि मे महिन्याच्या आत एक संध्याकाळ देऊ शकत असेल, तर शाळेच्या शिक्षकांकडे नाव द्यावं. नाटकाच्या संहितेत बदल ज्यांनी ती लिहिली त्यांनीच करावा.

कळावे,
आपला,
एक पालक